घरें झालीं, नगर केव्हां होणार?

रविवारीं सायंकाळीं मीरा रोड स्थानकाच्या पुलावर जो कोणी घटकाभर उभा राहील, त्यास एक चमत्कारिक देखावा दिसेल. आठवड्याचे सहा दिवस पोटासाठीं मुंबईस धांवणारीं जीं माणसें, तींच सातव्या दिवशीं विसाव्यासाठींहि मुंबईसच जाऊन थकून परत येत असतात. मुलाच्या हातांत फुगा, बापाच्या कपाळावर आठ्या, आणि ‘एवढ्या गर्दींत पुन्हा म्हणून यायचें नाहीं’ हा आईच्या तोंडीं दर रविवारचा संकल्प! नाटक पाहावयाचें तर पार्ल्यास किंवा बोरीवलीस, वस्तुसंग्रहालय पाहावयाचें तर थेट फोर्टांत, आणि समुद्र पाहावयाचा तर जुहूच्या चौपाटीवर, असा शांती नगरच्या गृहस्थाचा क्रमच पडून गेला आहे. ज्याच्या शहराच्या पश्चिमेस अरबी समुद्र व उत्तरेस वसईची खाडी आहे, त्यानें लाटा पाहण्यासाठीं आगगाडीचें तिकीट काढावें, यास ‘काखेंत कळसा आणि गांवाला वळसा’ यापेक्षां अधिक समर्पक म्हण आम्हांस तरी सुचत नाहीं.

परंतु या गृहस्थाचा दोष आहे, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. कळसा काखेंत आहे हें त्यास कोणीं सांगितलें? तेथपर्यंत जाण्याची सोय कोणीं केली? तेथें पोंचल्यावर बसावयास बांक, प्यावयास पाणी आणि वाचावयास एक फलक तरी कोणीं लावला? हे प्रश्न शांती नगरपुरते नाहींत. सबंध मीरा-भाईंदर शहराचे आहेत, आणि मुंबईच्या भोंवतीं भराभर वाढलेल्या प्रत्येक वसाहतीचे आहेत. म्हणूनच त्यांचा थोडा सविस्तर विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

शांती नगर ज्या जमिनीवर उभें आहे, तिच्या आसपास पन्नास वर्षांपूर्वीं भातशेती, खाजण आणि मिठागरें होतीं. मुंबईंत ज्यास घर परवडेना, तो मध्यम व कनिष्ठ स्थितींतला नोकरवर्ग येथें आला. सेक्टरामागून सेक्टर वाढत गेले. वाण्याचीं दुकानें, शाळा, दवाखाने आले. १९८५ सालीं नगरपालिका स्थापन झाली, २००२ सालीं तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या शिरगणतींत ५,२०,३८८ असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्यें ८,०९,३७८ झाली. त्यानंतर ती किती वाढली असेल, हें सकाळच्या लोकलमध्यें एका पायावर उभें राहणाऱ्यास सांगावयास नको. आठ लक्षांवर वस्ती म्हणजे पूर्वीच्या काळीं एखाद्या संस्थानाची प्रजा झाली. एवढ्या लोकांस छप्पर मिळालें, ही गोष्ट लहान नाहीं. ती आम्ही कृतज्ञतेनें मान्य करतों. प्रश्न आहे तो छपरापुढचा.

या प्रश्नास कायद्याची बाजूहि आहे, आणि ती आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. या वसाहतीच्या बांधकामाशीं जिचें नांव निगडित आहे ती शांतिस्टार बिल्डर्स ही कंपनी ज्यांत पक्षकार होती, असा एक खटला १९९० सालीं सर्वोच्च न्यायालयांत निकालांत निघाला. शहरी जमीनधारणेच्या १९७६ च्या कायद्यांतून सूट मिळालेल्या जमिनीवर दुर्बल वर्गासाठीं बांधावयाच्या घरांचा तो वाद होता. न्यायमूर्ति रंगनाथ मिश्र यांच्या पीठानें त्या निकालांत घराच्या हक्काचा विचार राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाच्या अनुरोधानें केला आणि पशूचा निवारा व मनुष्याचा निवारा यांतील भेद स्पष्ट करून सांगितला. पशूस शरीराचें रक्षण झालें कीं पुरतें. मनुष्यास मात्र शरीर, मन व बुद्धि या तिन्हींची वाढ होईल असें निवासस्थान पाहिजे, असा त्या निकालाचा भावार्थ आहे. पुढें देशभर अनेक खटल्यांत आधारास घेतला गेलेला हा निकाल ज्या वसाहतीच्या नांवाशीं असा जोडलेला आहे, तिनेंच विचारावें कीं, आमच्या शरीराची सोय झाली. मनाची व बुद्धीची कोठें आहे?

आतां हें शहर दरिद्री आहे काय तें पाहूं. साष्टी बेटाच्या वायव्य कोपऱ्यांत वसलेलें हें शहर इतिहासानें इतकें समृद्ध आहे कीं, दुसऱ्या एखाद्या देशांत त्याच्या नांवानें यात्रा भरल्या असत्या. पूर्वेस घोडबंदर. अरबी घोड्यांचा व्यापार या बंदरांत चाले, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. तेथील पोर्तुगीज किल्ला १७३७ सालीं मराठ्यांनीं घेतला. पुढें इंग्रजांनीं तेथें आपला अंमल बसविला. पश्चिमेस भाईंदरहून उत्तनच्या वाटेवर चौकचें टोंक. तेथील धारावीचा किल्ला वसईच्या मोहिमेंत कोणाच्या हातीं आहे यावर खाडीच्या मुखाची किल्ली अवलंबून होती, आणि म्हणूनच त्या उंचवट्यासाठीं दोन्ही पक्षांनीं रक्त सांडलें. समोर खाडीपलीकडे खुद्द वसई. गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें १५३४ सालीं ती पोर्तुगीजांस दिली. दोन शतकें ती त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांच्या फौजेपुढें ती शरण आली. त्याच वसईंत १८०२ सालच्या शेवटच्या दिवशीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह करून आपल्या गळ्यांत तैनाती फौजेचें लोढणें अडकवून घेतलें. एकाच गांवीं एका पेशव्याच्या भावानें जें मिळविलें, तें त्याच घराण्याच्या नातवा-पणतवांच्या पिढीनें कसें घालविलें, याचा धडा पुस्तकांत पंचवीस वेळां वाचून जितका कळत नाहीं, तितका त्या तटावर एकदां उभें राहून कळतो.

इतिहास म्हणजे केवळ लढायाच, असेंहि नाहीं. डोंगरी, उत्तन, पाली या गांवांतील कोळी व ख्रिस्ती बंधूंचीं घरें, त्यांचीं सतराव्या शतकापासूनचीं देवळें, सप्टेंबरांत भरणारी वेलंकनी मातेची यात्रा, वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळी, रंगविलेल्या होड्या; मागच्या डोंगरापलीकडे राष्ट्रीय उद्यानांत कान्हेरीचीं शंभरांहून अधिक लेणीं, जेथें दोन सहस्र वर्षांपूर्वींपासून भिक्षु पावसाचें पाणी टाक्यांत सांठवून राहात; आणि गोराईस २००९ सालीं खुला झालेला विपश्यनेचा पॅगोडा, ज्याच्या एकाहि खांबाचा आधार नसलेल्या घुमटाखालीं आठ हजार माणसें एका वेळीं ध्यानास बसूं शकतात. हें सारें शांती नगरच्या चौकापासून अर्ध्या दिवसाच्या टप्प्यांत आहे!

गोराईचेंच एक दुसरें उदाहरण घेण्यासारखें आहे. तेथें १९८९ सालीं एस्सेल वर्ल्ड हें करमणुकीचें मोठें उद्यान निघालें. तीस वर्षांवर मुंबईकरांच्या व परप्रांतीयांच्या मोटारी भाईंदरच्या रस्त्यानें तिकडे धांवत राहिल्या. मुलांनीं पाळण्यांत बसून आनंद लुटला, त्याबद्दल आमचें कांहींच म्हणणें नाहीं. आनंद ही निंद्य वस्तु नव्हे. परंतु त्या लाखों लोकांपैकीं कितीजणांस वाटेंत डाव्या-उजव्या हातास काय आहे याचा पत्ता लागला? २०२२ सालीं तें उद्यान बंद झालें. पाळणे थांबले, पण धारावीचा कडा जेथल्या तेथें आहे, खाडीची भरती-ओहोटी चालूच आहे. धंद्यावर उभारलेली करमणूक धंदा संपला कीं संपते; भूमीनें व पूर्वजांनीं दिलेली करमणूक आपण मोडली तरच मोडते. शहरानें आपला विसांवा कोणत्या पायावर उभारावा, हें यावरून उघड आहे.

यावर आक्षेप येतील. ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला आक्षेप पोटाचा. ‘नळास पाणी पुरेसें नाहीं, पावसाळ्यांत रस्त्यांवर तळीं सांचतात, कचऱ्याची दुर्गंधी सुटते, आणि तुम्ही वस्तुसंग्रहालयें काय मागतां? आधीं पोटोबा, मग विठोबा!’ म्हण खरी आहे. पण ती पूर्ण वाचावी. ‘मग विठोबा’ असें तींत आहे, ‘विठोबा कधींच नको’ असें नाहीं. दुसरें असें कीं, ठाणें शहरांत १८९३ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें, तेव्हां तेथें घरोघर नळ व विजेचे दिवे होते काय? पंचविशीहि न गांठलेल्या विनायक लक्ष्मण भाव्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं गटारें बांधून होईपर्यंत वाट पाहिली असती, तर ती संस्था आज दिसली नसती. लोकमान्यांनीं त्याच सुमारास घरांतला गणपति चौकांत आणला, तेव्हां देश काय सुखांत लोळत होता? आमच्या वडील पिढीनें दारिद्र्यांतहि वाचनालयें, आखाडे, व्याख्यानमाला आणि मेळे काढले, कारण समाजास जागें ठेवण्याचीं हींच साधनें आहेत हें तिनें ओळखलें होतें. आणि खरें बोलावयाचें तर, जो नागरिक आपल्या शहरावर प्रेम करूं लागतो, तोच गटारासाठींहि चिकाटीनें भांडतो. ज्यास शहर म्हणजे निजण्याची जागा वाटते, तो तक्रार करून गप्प बसतो.

दुसरा आक्षेप अभिमानाचा. ‘हे किल्ले फिरंग्यांचे; गुलामगिरीचीं हीं चिन्हें कशास जपावीं?’ आम्ही स्वतःस राष्ट्रवादी म्हणवितों, आणि म्हणूनच या आक्षेपास स्पष्ट उत्तर देतों. तट कोणीं बांधविला हें जितकें खरें, तितकेंच तो कोणीं जिंकला हेंहि खरें. भीमाशंकरच्या देवळांतली मोठी घंटा वसईच्या विजयाची म्हणून आपण दाखवितों. मग ज्या भूमीवर तो विजय झाला तिच्यावर रानगवत माजूं द्यावें, हा कोणता अभिमान? शिवाय ते दगड ज्यांनीं घडविले ते पाथरवट, ज्यांनीं वाहिले ते मजूर याच मातीचे होते. वसईंत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ सालीं जपानांत नागासाकीस क्रुसावर प्राणास मुकला आणि १८६२ सालीं रोमनें त्यास संतपद दिलें. तोहि वसईचाच पुत्र. इतिहास हा शेजाऱ्याशीं जुनें भांडण उकरून काढण्याचें हत्यार नव्हे. आपण कोणकोणत्या वाटांनीं येथवर आलों हें सांगणारी ती वंशावळ आहे, आणि वंशावळींतलीं नांवें कोणी सोयीप्रमाणें खोडीत नसतो.

तिसरा आक्षेप उदासीनतेचा आहे, आणि तोच आम्हांस सर्वांत घातक वाटतो. ‘शांती नगरांत कोणी गुजराथी, कोणी मारवाडी, कोणी उत्तरेकडचा, कोणी दक्षिणेकडचा, येथें चिमाजी आप्पांचें कोणास काय पडलें आहे?’ आम्ही विचारतों, पडावें यासाठीं आपण काय केलें? गेल्या कांहीं वर्षांत या शहराचें नांव देशभर गाजलें तें कशानें, हें आठवून पाहावें. २०२४ च्या जानेवारींत धर्मावरून तंटा झाला. २०२५ च्या जुलैंत भाषेवरून मोर्चे निघाले. कोण चूक, कोण बरोबर, याचा निवाडा आज आमच्यापुढें नाहीं. पण एवढें मात्र आम्ही निश्चयानें म्हणतों कीं, ज्या शहरांत माणसें केवळ जिन्यावर, बाजारांत व गाडीच्या डब्यांत एकमेकांस धक्के देत भेटतात, त्या शहरांत ठिणगीस वाव फार. जेथें तींच माणसें मैदानावर, वाचनालयांत, नाटकाच्या पडद्यापुढें शेजारीं शेजारीं बसतात, तेथें ठिणगी पडली तरी विझवावयास चार हात धांवतात. मराठी भाषेचा आदर सक्तीनें किती वाढेल हें सांगतां येत नाहीं. पण उत्तनच्या कोळणीनें आपल्या गांवची कथा आपल्या बोलींत सांगितली, आणि ती ऐकावयास शांती नगरचें गुजराथी पोर मांडी घालून बसलें, तर त्या एका दुपारनें जें होईल तें दहा मोर्च्यांनीं होणार नाहीं, अशी आमची समजूत आहे. भाषा मनोरंजनाच्या वाटेनें घरांत शिरते, आणि मग ती घरचीच होते.

मिठागरांची गोष्टहि अशीच. भरतीचें पाणी आंत घेऊन, एका खाचरांतून दुसऱ्यांत सोडीत उन्हानें आटवावें, आणि पावसाळ्यापूर्वीं मिठाचे पांढरे ढीग रचावेत, हें काम या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलें. याच मिठासाठीं १९३० सालीं विलेपार्ल्यास सत्याग्रहाची छावणी पडली, वडाळ्याच्या व शिरोड्याच्या मिठागरांवर निःशस्त्र स्त्रीपुरुषांनीं लाठ्या खाल्ल्या. पण मीठ कसें पिकतें हें मिठागराच्या जमिनीवर वाढलेल्या आजच्या मुलास विचारलें, तर तें पिशवीकडे बोट दाखवील! मुलास हंसूं नये. दाखविणारा कोणी नाहीं, म्हणून तें तसें आहे.

तेव्हां करावें काय? कायदा आमच्या बाजूस आहे. घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनें, म्हणजे १९९२ सालीं, जें बारावें परिशिष्ट जोडलें, त्यांत उद्यानें, बागा व क्रीडांगणें यांची सोय करणें आणि सांस्कृतिक व सौंदर्यविषयक अंगांची वाढ करणें हे विषय नगरसंस्थांकडे सोंपविण्याजोगे म्हणून स्पष्ट शब्दांत नमूद आहेत. बंगलोरांत उद्यानासाठीं राखलेली जागा खासगी रुग्णालयास देण्याचा प्रयत्न झाला, तो सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं मुडप्पा खटल्यांत हाणून पाडला. रुग्णालयासारख्या उपयुक्त कामासाठींहि लोकांची मोकळी जागा परस्पर उचलतां येत नाहीं, हें त्यावरून ठरलें. अर्थात् मागणें मागण्यास आम्हांस कोणाची मेहेरबानी नको; हक्क पुरेसा आहे.

आमच्या सूचना फार खर्चाच्या नाहींत. पहिली, शांती नगरच्या व इतर वसाहतींच्या प्रत्येक भागांत पालिकेच्या शाळेची एक खोली सायंकाळीं वाचनालय म्हणून उघडी ठेवावी. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा अनुदानाची वाट दाखवितोच. दुसरी, दर रविवारीं स्थानकावरून घोडबंदर, चौक व उत्तन येथें पालिकेच्या बसगाड्या ठराविक वेळीं सोडाव्या, आणि स्थानिक तरुण-तरुणींस शिकवून वाटाड्ये नेमावें. २०२४ च्या फेब्रुवारींत भाईंदर व वसई यांच्यामध्यें मोटारींसह माणसें नेणारी बोट सुरू झाली, ती वसईच्या किल्ल्याच्या पायथ्याशीं लागते. जी खाडी ओलांडावयास मराठी फौजेस प्राण वेंचावे लागले, ती आज बसल्या जागीं ओलांडतां येते. या बोटीस केवळ रहदारीचें साधन न समजतां शाळेच्या मुलांसाठीं सवलतीच्या फेऱ्या ठेवाव्या. तिसरी, कोळ्यांचीं जाळीं, आगऱ्यांचीं मिठागरांवरचीं अवजारें, ख्रिस्ती बंधूंचे पोषाख व दागिने, जुने नकाशे यांचें एक लहानसें नगरसंग्रहालय करावें, आणि गांवांतल्या वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच बोलींत नोंदवून ठेवाव्या. वृद्ध कोणाची वाट पाहात थांबत नाहींत. हें काम आज झालें नाहीं तर कधींच होणार नाहीं. चौथी, दहिसर चेकनाक्याजवळ २०२२ सालीं लता मंगेशकरांच्या नांवाचें नाट्यगृह उभें राहिलें, ही समाधानाची गोष्ट आहे. तेथें महिन्यांतून कांहीं दिवस हौशी मंडळ्यांस व शाळांस अल्प भाड्यांत द्यावे. आणि पांचवी, शहराच्या विकास आराखड्यांत मैदान, बाग वा वाचनालय म्हणून राखून ठेवलेल्या प्रत्येक जागेची यादी, तिच्या भूमापन क्रमांकासह, प्रत्येक प्रभागाच्या कार्यालयाबाहेर फलकावर लावावी. ज्या जागेचें नांव लोकांस ठाऊक असतें, ती जागा सहजासहजीं नाहींशी होत नाहीं.

पालिकेस एवढें सांगितल्यावर नागरिकांसहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. सरकारनें किल्ला झाडून दिला आणि आम्हीं तेथें बाटल्या व खाऊचे कागद टाकले, तटावर आपलीं नांवें कोरलीं, तर दोष कोणाचा? प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेंत पाण्याची टाकी व वाहनांची जागा यांवर तीन तास वाद होतात. त्यांतला अर्धा तास जवळच्या मैदानासाठीं व वाचनालयासाठीं काढतां येणार नाहीं काय? येत्या रविवारीं एक तरी कुटुंब मुंबईची गाडी सोडून चौकच्या टोंकावर जावो, मुलास समोरचा वसईचा तट दाखवो, आणि ‘तेथें काय झालें?’ असें त्यानें विचारलें तर उत्तर देण्यापुरती तयारी घरून करून जावो. पालिकेकडे अर्ज करावयास याहून चांगली सुरुवात नाहीं. कारण जी वस्तु आपण स्वतः पाहिली आहे, तिच्यासाठींच मनुष्य भांडतो.

घरें बिल्डर बांधतो, रस्ते कंत्राटदार बांधतो. नगर मात्र नागरिकांसच बांधावें लागतें. शांती नगरच्या पहिल्या पिढीनें हप्ते फेडतां फेडतां घरें उभीं केलीं, हें तिचें काम तिनें चोख केलें. दुसऱ्या पिढीच्या वांट्यास आलेलें काम याहून कमी कष्टाचें आहे. तें तिनें टाळलें, तर त्या घरांतून वाढणारी तिसरी पिढी येथें राहील, पण येथली होणार नाहीं.